सरांनी नापास केलेला सम्राट

आमच्या सरांनी एका सम्राटाला तीस वर्षं दरवर्षी नापास केलं. एकदाही ग्रेस दिली नाही. चौतीसपर्यंत आणून ठेवायचे आणि कुणी म्हणालं, "सर, एक मार्क द्या की, सुटेल बिचारा," तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "नाही. ज्याला स्वतःचं घर सांभाळता आलं नाही, त्याला मी वर ढकलणार नाही."

हा सम्राट म्हणजे युरोपातल्या फ्रँक लोकांचा लुई. शार्लमेनचा मुलगा. त्याला मरून बाराशे वर्षं होत आली, त्यामुळे पेपर पुन्हा तपासून घ्यायची सोय त्याला नव्हती. इतिहासवाले त्याला 'धर्मशील' म्हणतात. सर त्याला 'आपला लुई' म्हणायचे. त्यातलं 'आपला' ते अशा सुरात म्हणत की, हा राहात्याकडचा कुणी लांबचा मामा असावा आणि त्यानं सगळ्या खानदानाची अब्रू घालवलेली असावी.

सर नगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे, आणि मी त्याच कॉलेजात भूगोल. सर सावेडीत राहायचे, मीही सावेडीत. माझ्याकडे गाडी नव्हती म्हणून मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचो. त्यामुळे लुईची निम्मी कारकीर्द मी सावेडी ते कॉलेज या रस्त्यावर, सरांच्या पाठीमागून, अर्धी वाऱ्यावर गेलेली अशी ऐकलेली आहे. सिग्नलला थांबलो की सर मान मागे वळवून विचारायचे, "कळलं का?" मी "हो" म्हणायचो. सिग्नल सुटेपर्यंत ते पुढचा प्रश्न विचारायचे.

सर माणसांना विषयाच्या नावाने हाक मारत. मी 'भूगोल'. माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाई 'अर्थशास्त्र'. प्राचार्यांना ते पाठीमागे 'पोप' म्हणत, आणि प्राचार्यांना ते ठाऊक होतं. ते मनातून खूश होते असा माझा संशय आहे. आमच्या ग्रंथपाल बाईंना सर 'ग्रंथालय' म्हणत. पुढे पहिली बायको गेल्यावर काही वर्षांनी सरांनी त्यांच्याशीच लग्न केलं, तरी घरात हाक तीच राहिली. "ग्रंथालय, भूगोल आलेत, चहा टाका." त्या बाईही अशा की आतून शांतपणे विचारायच्या, "कुणाच्या खात्यावर?"

मध्ययुगीन युरोपचा पेपर हजार वर्षांचा होता आणि शिकवायला महिने होते चार. सर ऑगस्टमध्ये लुईला गादीवर बसवत आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उठू देत नसत. धर्मयुद्धं, प्लेग, छापखाना हे सगळं पोरं गाईडमधून करत आणि बऱ्यापैकी पास होत. लुईवर मात्र प्रश्न येतच नसे. सर त्याला विद्यापीठाचा कट म्हणायचे.

स्टाफरूममधल्या त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक आलेख-कागद चिकटवलेला होता. त्यावर लुईचा हिशोब. शंभरापासून सुरुवात. पुतण्याचे डोळे काढवले, त्यात तो मेला : वजा पंधरा. त्याबद्दल चारचौघांत पश्चात्ताप केला : अधिक पाच. जिवंतपणी मुलांत वाटणी केली : वजा वीस. केलेली वाटणी मोडली : वजा तीस. माणसं ओळखता आली नाहीत : वजा सहा. उरले चौतीस. मी एकदा ती बेरीज-वजाबाकी तपासून पाहिली, बरोबर होती.

या वाटणीवर सरांचा सगळा राग. गोष्ट अशी की, लुई एकदा चर्चमधून परत येत असताना लाकडी सज्जा कोसळून त्याच्या अंगावर पडला. फार काही झालं नाही, पण माणूस घाबरला. आपण आता काही राहत नाही अशा हिशेबानं त्यानं दोन-तीन महिन्यांत तीन मुलांत साम्राज्य वाटून टाकलं. मग मेला नाहीच. बायको मेली. त्यानं दुसरी केली, तिला मुलगा झाला, आणि या धाकट्याला काहीच उरलं नाही हे म्हाताऱ्याला खुपायला लागलं. त्यानं जुनी वाटणी मोडायला घेतली. तिघे थोरले बापावर फौज घेऊन आले.

"सज्जा पडला म्हणून वाटणी!" सर वर्गात टेबलावर खडू आपटून म्हणायचे. "अरे, सुतार बदल!"

आणि मग एके दिवशी सावेडी नाक्यावर कुत्रं आडवं आलं. मी मागे बसलेलो होतो, त्यामुळे हे मी पुराव्यानिशी सांगतो. माझं कोपर खरचटलं, सरांचा पाय मोडला. सहा आठवड्यांचं प्लास्टर. दुसऱ्या आठवड्यात सरांनी दोन्ही मुलांना पलंगाशी बोलावलं आणि गावची, पुणतांब्याची वडिलोपार्जित जमीन वाटून टाकली. थोरल्याला पाटाकडचं रान. मधल्याला रस्त्याकडचं, आणि त्याला लागून असलेली विहिरीजवळची पेरूची बाग. मधला तेव्हा धाकटाच होता, मधला तो नंतर झाला. स्वतःला सरांनी काहीच ठेवलं नाही. कागद त्यांनी स्वतःच्या हातानं स्टॅम्पवर लिहिला, शेवटी संदर्भसूची जोडणार होते ती मुलांनी थांबवली. नोंदणी वगैरे काही केली नाही. सम्राट कुठं नोंदणी करायचे?

मी भेटायला गेलो तेव्हा भीत भीत म्हणालो, "सर, हे जरा लुईसारखं झालं."

"भूगोल," सर प्लास्टरवर बोटं वाजवत म्हणाले, "त्याच्यावर सज्जा पडला होता. मी कुत्र्याला वाचवताना पडलो. मूलभूत फरक आहे."

त्यानंतर दोन वर्षांनी ग्रंथालय घरात आल्या आणि आणखी वर्षभरानं मुलगी झाली. सर तेव्हा पन्नाशीच्या दाराशी. स्टाफरूममध्ये पेढे वाटताना सगळ्यांची नजर त्या कपाटाकडे गेली. सर पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरून म्हणाले, "हसायचं असेल तर पेढा खाऊन हसा."

ही धाकटी सरांच्या वरताण निघाली. दहा-अकरा वर्षांची असताना तिनं बापाचं लुईवरचं जाड पुस्तक उघडून चित्रं बघता बघता वाचायला घेतलं. एका रविवारी मी तिथंच बसलेलो होतो. ती पुस्तक घेऊन बाहेर आली. "बाबा, यानं राजा झाल्याबरोबर बहिणींना राजवाड्यातून घालवून दिलं. मठात पाठवलं. त्याचे किती कापले?"

सर म्हणाले, "ती तेव्हाची पद्धत होती."

"पण मार्क?"

सरांनी आत बघून हाक मारली, "ग्रंथालय, हिला जेवायला वाढा."

निवृत्त झाल्यावर सर बायको-मुलीला घेऊन पुणतांब्याला राहायला गेले. थोरला सावेडीत बांधकामाची कामं घेतो, मधला पुण्याला कंपनीत. गावी दोघांपैकी कुणाला यायला वेळ नव्हता. पेरूची बाग म्हातारी झाली होती, खोडं वाळत चालली होती. शेतीचं कॉलेज करता करता धाकटीनं ती हातात घेतली. कुठली फांदी कापायची, पाणी कधी तोडायचं, झाड कधी फुलावर आणायचं, हे सगळं ती करायची, आणि मजुरांच्या बरोबरीनं करायची. चार हंगामांत बाग अशी उठली की, राहात्याचे व्यापारी बांधावर येऊन सौदा करायला लागले. मधला डिसेंबरात गाडी घेऊन यायचा, मित्रांसाठी पेट्या भरायचा आणि म्हणायचा, "आमच्या बागेचे आहेत."

ती हे ऐकायची आणि पेट्या गाडीपर्यंत पोचवायची. बापानं पाहिलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पाहिलं, आणि मग एका सकाळी सर बसने नगरला येऊन माझ्या दारात उभे राहिले. आत यायच्या आधीच म्हणाले, "भूगोल, मोडतोय."

मी सवयीनं बोलून गेलो, "वजा तीस, सर."

सर हसले नाहीत. "बाग तिची आहे हो," म्हणाले. "मी दिली नाही म्हणून ती तिची नाही, असं कसं?" इतक्या वर्षांत मला सरांबद्दल गंमत वाटली होती, कंटाळा आला होता, कधी कीवही आली होती. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल प्रेम वाटलं. मी शब्द दिला की मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

कुणीही शहाणा माणूस अशा वेळी गुपचूप वकिलाकडे गेला असता. सरांनी सभा बोलावली. फ्रँक लोक म्हणे वर्षातून एकदा मोकळ्या रानात जमत आणि सगळ्यांसमोर निकाल होई. सरांनी भाऊबंदांना, जुन्या विद्यार्थ्यांना आणि आम्हा तिघा-चौघा सहकाऱ्यांना स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. यायचं ते बागेत, रविवारी सकाळी. सगळ्यांनी होकार कळवला. पत्र त्यांनी दोन्ही मुलांनाही पाठवलं, कारण शत्रूला न कळवता सभा घेणं त्यांना असभ्य वाटत होतं.

मुलं आली. टेम्पो घेऊन आली. रस्त्याकडच्या आपल्या वाट्यात त्यांनी मांडव टाकला, आचारी लावला आणि चुलीवर मटण चढवलं. बागेत आमच्या बाजूला सरांनी सतरंज्या अंथरल्या होत्या. पोहे होते, चहा होता आणि सरांचं प्रास्ताविक होतं. मधे एक बांध. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता.

प्रास्ताविक शार्लमेनच्या आजोबांपासून सुरू झालं. अर्ध्या तासानं सरांचे चुलतभाऊ आप्पा उठले. सरांच्या बरोबरीचा माणूस, गावात शब्दाला किंमत असलेला. सर मधेच थांबले.

"गुरुजी," आप्पा म्हणाले, "पोरगी गुनाची हाय, न्हाई कोन म्हनतंय? बाग तिनंच उठिवली. पन आज तुमी हिला वाटा दिला, की उद्या माझ्या चार बहिनी दारात उभ्या ऱ्हात्यान. लई अवघड व्हईल. राग मानू नका." त्यांनी सरांच्या पायाला हात लावला आणि बांध ओलांडून गेले.

त्यानंतर एकेक जण उठत गेला. नंतर गावात सगळे हसून सांगायचे की, म्हाताऱ्याची फौज मटणानं फोडली. खोटं आहे. तिथं दोन माळकरी होते, ते तर मटणाला शिवतही नाहीत. तेही गेले. बांध ओलांडणाऱ्या प्रत्येकाला घरी एक बहीण होती, किंवा दोन. काहीजण जाताना धाकटीला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको, ताई." ती पोह्यांची पातेली झाकत होती.

लुईच्या बाबतीतही असंच झालं होतं. मुलांच्या फौजा समोर येऊन ठाकल्या आणि त्याची माणसं लढाई न करताच पलीकडे गेली. उरलेल्या थोड्यांना तोच म्हणाला की, जा, तुम्हीही मुलांकडे जा, माझ्यापायी कुणाच्या जिवाला धोका नको. सरांना लुईचं हे वागणं सगळ्यात बुळचट वाटायचं. वर्गात ते त्याची नक्कल करून दाखवत, गळा काढून.

आता सतरंजीवर सर, ग्रंथालय, धाकटी आणि मी. सर माझ्याकडे बघून अगदी सरळ आवाजात म्हणाले, "भूगोल, तुम्हीही जा. जेवण गार होईल."

आणि मी गेलो. थोडा रेंगाळून, चपला शोधण्यात वेळ काढून, पण गेलो. मटण चांगलं झालं होतं. मी दोनदा रस्सा घेतला. जेवणं आटोपायच्या सुमाराला मुलांनी बापाला हाताला धरून मांडवात आणलं आणि माईक दिला. सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बहुधा समोर कोण कोण बसलंय ते दिसू नये म्हणून. म्हणाले, "वाटणी केली तशीच राहील. माझी चूक झाली." माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण माझ्या शेजारचा वाजवत होता.

यानंतर कुणीही खचलं असतं. सर खचले नाहीत, कारण त्यांना पुढचं माहीत होतं. लुईची मुलं जिंकल्यावर आपसात भांडली आणि त्यातूनच बाप वर्षभरात पुन्हा गादीवर आला. "वर्षभर थांबा," सर मला फोनवर सांगायचे. मी बांध ओलांडल्याचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही, ते मला जास्त लागायचं. वर्ष गेलं. सरांच्या दुर्दैवानं ही मुलं भांडेनात. थोरल्यानं मधल्याच्या पुण्यातल्या फ्लॅटचं फर्निचर करून दिलं. दोघांच्या बायका जोडीनं शिर्डीला जायला लागल्या. "थोरल्यात महत्त्वाकांक्षाच नाही," सर हताश होऊन म्हणाले. आपली मुलं गुण्यागोविंदानं नांदतात म्हणून इतका निराश झालेला बाप मी दुसरा पाहिलेला नाही.

मग मुलांना कुणी वकिलानं सांगितलं की, बापाचा तो जुना कागद नोंदवलेला नाही, बहिणीचा हक्क शाबूत आहे, तिच्याकडून हक्कसोड करून घ्या. आमच्याकडे ही रीतच आहे. बहिणीनं जमिनीवरचा हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं, भावांनी साडी-चोळी करायची, आणि माहेरचं दार उघडं राहायचं. सरांनी तिची समजूत घालायची, असं ठरलं. सरांनी मला फोन केला, "भूगोल, साक्षीला या. तुम्ही तटस्थ आहात." माझ्याबद्दल इतकं वाईट आजवर कुणी बोललेलं नाही.

नोंदणी कचेरीच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये दस्त लिहिणारा बसला होता. मुलं आधीच आली होती, थोरल्याच्या हातात येवल्याच्या साडीची पिशवी. सर बाकावर. सकाळची गर्दी होती. दस्त लिहिणारा मला म्हणाला, "साक्षीदार ना? तुमी करून टाका सही. बाकीचे करत्यान. खोळंबा नको." मी खिशातून पेन काढून केली.

धाकटी स्कूटीवरून आली. बागेतूनच आली होती, उन्हाचा रुमाल अजून डोक्याला होता. तिनं कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं. "'मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...' बाबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही गं. छापील असतं ते."

"म्हणजे सगळ्या बायकांचं हेच?"

"व्हय ताई," दस्त लिहिणारा म्हणाला. "मजकूर येकच. नाव तेवढं बदलायचं."

थोरल्यानं पिशवी पुढं केली. ती म्हणाली, "साडी छान आहे, दादा. पण सही केली की मी बागेत कोण म्हणून जायचं?"

"अगं, बाग तुझीच आहे. कधीही ये की," मधला म्हणाला.

"मग सही कशाला?"

सगळे सरांकडे बघायला लागले. सर उठले आणि घसा साफ करून म्हणाले, "सही कर, बाई. घर टिकू दे. इतिहासात बघितलंस तर—"

"इतिहास नको, बाबा. तुम्ही म्हणालात तर करते. आत्ता करते. पण तुमचं तुम्ही म्हणा. राजाचं नको."

सर उभेच राहिले. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो, पण वाक्य सापडत नाहीये असं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "नको करू." आणि मग मुलांकडे न बघता तिलाच म्हणाले, "मी भ्यालो गं. त्या दिवशी भ्यालो, आज पण भिऊनच आलो. नको करू सही."

थोरला म्हणाला, "ठीक आहे. मग कोर्टात भेटू."

"भेटू," सर म्हणाले. त्यांनी धोतराचा सोगा आवरला आणि बहात्तराव्या वर्षी मुलीच्या स्कूटीवर मागे बसले. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, आणि त्यात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

कोर्टात तारखा पडताहेत. सर प्रत्येक तारखेला जातात. बाग अजून तरी तीच बघते, आणि निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही.

त्या दिवशी बाप-लेक गेल्यावर, मुलंही गाडीत बसून गेल्यावर मी शेडमध्ये एकटाच राहिलो. दस्त लिहिणाऱ्यानं तो कागद माझ्यापुढे टाकला. "ह्ये घेऊन जा. कुनाचीच सही न्हाई याच्यावर, तुमची सोडून."

मी तो घरी आणला. फाडून टाकायला हवा होता, पण कपाटात ठेवला. तिथं आधीपासून तसाच एक कागद आहे, माझ्या बहिणीचा. तिनं वाचला नव्हता. पानं मी उलटत होतो आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवत होतो. त्यावर सगळ्या सह्या आहेत.